ओम्नी स्लोवर मिसिंग मारायलीय? आधी कुठला सिलिंडर झोपलाय ते शोधा, मग खिशात हात घाला

मालक, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 98 ची मारुती ओम्नी, कार्बोरेटरवाली, मागनं बसवलेलं एलपीजी किट, स्लोवर, म्हणजे ॲक्सिलेटर सोडून नुसती चालू, उभी केली की आख्खी गाडी थरथरते, सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला स्टीअरिंग हातात नाचतं, पण जरा ॲक्सिलेटर दिला की गप, अन् साठच्या स्पीडला अक्कलकोट रोडवर एकदम मख्खन. सकाळी थंड असताना जास्त, गरम झाल्यावर थोडं कमी. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोन वेळा धुतला, शेवटी एका मिस्त्रीनं सांगितलं इंजिन उतरवावं लागंल. आता नवीन कार्बोरेटर टाकू का थेट इंजिन करून घेऊ, असं विचारलंय.

दोन्ही नका करू, आत्ता तरी. एवढं सगळं बदललं पण तीनपैकी कुठला सिलिंडर काम करत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं का? तुमच्या लिहिण्यात तरी ते कुठंच नाही. मी तीस वर्षं ह्याच गाड्यांमध्ये घातली, अशोक चौकात पोऱ्या म्हणून पाने उचलायचं काम केलं तेव्हापासून, आणि सगळ्यात जास्त पैसा लोकांचा कुठं वाया गेला असंल तर ह्याच्यात, की दुखतंय कुठं ते न बघता औषध सुरू.

पहिलं म्हणजे हलतंय म्हणजे मिसिंगच, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचं चुकवतोयच, असं नसतं. ओम्नीचं इंजिन तीन सिलिंडरचं, 796 सीसी, तुमच्या बुडाखाली बसलेलं. तीन सिलिंडर जन्मजात थोडं हलतंच, त्यात इंजिनचं फाउंडेशन रबर बसलेलं असलं की तीच थरथर सीटमधनं थेट मणक्यात येते. म्हणून आधी मागं जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा, दहाची जुनी नोट पण चालते. फुक फुक फुक असा एकसारखा वारा लागून पट्टी बाहेरच उडत राहिली तर इंजिन बरोबर चाललंय, रबरं बघा. एका ठराविक तालात वारा तुटत असंल तर एकच सिलिंडर कायमचा झोपलाय. आणि पट्टी मधेच आत ओढली जाऊन सायलेन्सरला चिकटत असंल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय घ्या. ताल नसताना कधीपण तुटत असंल तर एका सिलिंडरचा दोष नाही, मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) नाहीतर डेल्कोकडं, म्हणजे प्लगना पाळीपाळीनं स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडं वळायचं. ह्या कागदाला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात, तरी कुणी करत नाही.

आता गॅस किट आहे ही खरं तर तुमची चांगली सोय आहे, कारण एकाच इंजिनला दोन वेगळी इंधनं देऊन बघता येतं. गाडी आधी पेट्रोलवर स्लोला उभी करा, मग गॅसवर घ्या. गॅसवर घेतल्यावर कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत थांबा, नाहीतर फसाल. फक्त पेट्रोलवरच मिसिंग असंल तर कार्बोरेटरचं स्लो सर्किट, म्हणजे स्लो जेट (स्लोवर पेट्रोल देणारं बारीक भोक) आणि त्याचा सोलेनॉइड (करंटवर उघडणारा-बंद होणारा नळ). फक्त गॅसवरच असंल तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा), मिक्सर (गॅस हवेत मिसळणारा) नाहीतर स्पार्क कमजोर, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळं मरायला टेकलेले प्लग आणि वायरी आधी गॅसवर बोंबलतात. आणि दोन्हीवर सारखंच असंल तर मालक, कार्बोरेटर निर्दोष आहे, तो तिसऱ्यांदा धुऊन काय उपयोग नाही. मग उरतं तीनच: हवा कुठनंतरी आत घुसतीय, कंप्रेशन कुठंतरी लीक आहे, नाहीतर स्पार्क.

तुम्ही दोन्हीवर सेम आहे का ते लिहिलंच नाही. पण कार्बोरेटर दोनदा धुऊन काडीचा फरक पडला नाही म्हणताय, म्हणजे मी धरून चालतो की दोन्हीवर आहे.

आता स्लोवरच का, स्पीडला का नाही, हे समजून घ्या, कारण अर्धं उत्तर तिथंच आहे. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन नाक दाबून श्वास घेतंय असं समजा. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जबरदस्त असतो, आत जाणारी हवा थोडीशीच. अशा वेळी बाहेरनं एखाद्या चिरेतनं थोडी जरी फालतू हवा घुसली तरी मिक्श्चर एकदम पातळ होतं. ॲक्सिलेटर दाबला की हवा आणि पेट्रोल दोन्ही भरपूर, तेवढी चिरेतली हवा कुणाच्या खिजगणतीत राहत नाही. कंप्रेशनचं पण तसंच. साडेआठशे आरपीएमला एकेका सिलिंडरची पाळी सेकंदाला सातदा येते, म्हणजे प्रत्येक वेळी दाब गळून जायला भरपूर वेळ मिळतो. तीन हजारला गळायला वेळच मिळत नाही, म्हणून तोच अर्धा मेलेला सिलिंडर स्पीडला ठणठणीत वाटतो. म्हणजे स्पीडला मख्खन पळते म्हणून इंजिन चांगलं आहे असं समजू नका, आणि स्लोवर हलते म्हणून इंजिन गेलं असं पण समजू नका.

मग सिलिंडर शोधायचा. सीट उचला, इंजिन चालू ठेवा, आणि प्लगची एकेक वायर काढून बघा. जी काढल्यावर इंजिन बसतं, अजून जास्त हलायला लागतं, तो सिलिंडर काम करतोय. जी काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो झोपलेला. हे करताना जाड रबराचा हातमोजा किंवा प्लास्टिकच्या मुठीची पकड, नुसत्या हातानं धरलं तर झटका असा बसतो की डोकं वरच्या पत्र्याला आपटतं, माझं आपटलंय. काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवायची नाही, तिच्यात एक जुना प्लग अडकवून इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, नाहीतर स्पार्कला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कॉइल, डेल्कोचं झाकण त्याची शिक्षा भोगतं. एका वायरला पाच-सहा सेकंद बास. गाडीचे सगळे दरवाजे उघडे, पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असंल तर ही टेस्ट करायचीच नाही, आधी तो लीक बघा. आणि विषय निघालाच आहे म्हणून, ज्यांच्या व्हॅनमध्ये अजून घरचा लाल सिलिंडर ठेवून पाइप जोडलेला आहे त्यांनी माझ्याकडं येऊच नये, मी हात लावत नाही, बॉम्बवर बसून रिपेअर करायची हौस नाही मला.

समजा झोपलेला सिलिंडर सापडला, ओळखीसाठी बेल्टच्या बाजूचा एक नंबर, तिथनं पुढं दोन, तीन. आता त्याचा प्लग शेजारच्या चांगल्या सिलिंडरला लावा, बघा, मग वेगळ्यानं, वायर पोचत असंल तर तिची अदलाबदल करा. फक्त वायर दोन्ही टोकांनी बदलायची, डेल्कोची कुठली खुंटी कुठल्या सिलिंडरला जाते तो क्रम बिघडवू नका, फायरिंग ऑर्डर (पेटायचा क्रम) 1-3-2. मिसिंग प्लगबरोबर गेलं तर नवा प्लगच खराब, होतं असं, आजकाल डब्बा ओरिजनल आणि आतला माल डुप्लिकेट, आणि नवीन आहे म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. वायरबरोबर गेलं तर वायर. जागचं हललं नाही तर त्या सिलिंडरचाच काहीतरी आतला प्रॉब्लेम आहे.

प्लग काढलाच आहे तर तोंड बघा त्याचं. बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे उत्तम. काळा सुका काजळ म्हणजे मिक्श्चर रिच, इंधन जास्त. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. ओला, पेट्रोलचा वास म्हणजे पेटतच नाही. पांढरा फटक म्हणजे हवा जास्त. गॅसवर जास्त चालणाऱ्या गाडीचा प्लग तसाही फिकट दिसतो, त्यावरनं घाईनं निष्कर्ष नको, तिघांची तुलना करा. तिन्ही काळे असतील तर किटवाल्यांच्यात नेहमीची एक भानगड असते, गॅसवर चालताना पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड पूर्ण बंद होत नाही, दोन्ही इंधनं एकदम आत जातात. पेट्रोल पण संपतंय, गॅस पण संपतोय, अन् मालक म्हणतो ॲव्हरेज पडलं.

स्पार्कचं मी पटकन सांगतो. झाकणाच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ असंल तर झाकण फेकून द्या. प्लॅटिनमवाली (आत उघडझाप करणारे पॉइंट असलेली) डेल्को असंल तर प्लॅटिनमचा गॅप 0.4 ते 0.5 मिमी, तोंडं खड्डा-टेकाड झाली असतील तर प्लॅटिनम आणि कंडेन्सर दोन्ही बदला. डेल्कोची दांडी हातानं डावी-उजवी हलवून बघा, बुश गेला असंल तर गॅप दर चकरेला बदलतो आणि मग स्लोवर ताल नसलेली मिसिंग, किती पण सेटिंग करा बसत नाही. रात्री लाइट बंद करून सीट उचलून बघा, वायरींवर निळी ठिणगी नाचताना दिसली तर काम झालं. बास.

आता हवा. हिच्यावर मी जास्त वेळ घालवतो कारण आपल्या गावात रबर टिकतच नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42, 43 अन् सीटखाली इंजिनजवळ किती ते विचारूच नका, दोन-तीन उन्हाळ्यांत व्हॅक्यूमचे पाइप वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे कडक होऊन टोकाला चिरतात. वरनं छान काळा पाइप दिसतो, खुंटीवरनं ओढून काढला की चीर दिसते. माझ्याकडं 2011 च्या उन्हाळ्यात एक शाळेची व्हॅन आली होती, जुळे सोलापूरकडची, अगदी तुमच्यासारखीच तक्रार. मी प्लग, वायर, झाकण, कार्बोरेटरचं किट, सगळं टाकलं, तीन दिवस गाडी अडकवून ठेवली, पोरं रिक्षानं शाळेत, मालक रोज संध्याकाळी येऊन दारात उभा. चौथ्या दिवशी माझ्याकडचं अठरा वर्षांचं पोरगं म्हणालं, उस्ताद, ही टोपी फाटलीय. मॅनिफोल्डला एक खुंटी असते, वापरात नसली तर तिच्यावर बोटाच्या पेराएवढी रबरी टोपी घालून बंद केलेली असते. ती खालच्या बाजूनं फाटलेली. वरनं बघितलं की शाबूत. मी त्या माणसाकडनं मजुरी घेतली नाही, घ्यायला तोंडच नव्हतं.

तेव्हापासनं माझ्याकडं एक पाण्याची स्प्रे बाटली असते, कुंड्यांना मारतात ती. इंजिन स्लोवर ठेवायचं आणि कार्बोरेटरच्या बुडाशी, त्याच्या खालच्या जाड काळ्या ठोकळ्याच्या कडांना, मॅनिफोल्ड हेडला जिथं बसतो तिथं, पाइपांच्या टोकांना थोडं थोडं पाणी मारायचं. जिथं मारल्यावर क्षणभर आवाज बदलला, इंजिन सावरलं नाहीतर अडखळलं, तिथं लीक. काही जण कार्बोरेटर क्लीनर मारतात, नेमकं सापडतं पण ते पेटतं, अन् ओम्नीत तुम्ही आगीच्या वरच बसलेले असता, पाणीच बरं. फक्त डेल्को आणि वायरींवर उडवू नका. डेल्कोच्या बाजूला जी व्हॅक्यूमची डबी असते तिचा पाइप काढून तोंडानं ओढा आणि जीभ लावून धरा, जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत, हवा येत राहिली तर फाटलाय. गॅस किटवाल्यानं मॅनिफोल्डला भोक पाडून पाइप काढला असंल तर तो सांधा आधी बघा. आणि मॅनिफोल्डचे नट. ते ढिले असतात, बऱ्याच वेळा नुसते आवळून काम होतं.

ह्याची एक अजून सोपी खूण, चोक. मिसिंग चालू असताना चोक हळूहळू एक-दोन सेंटीमीटर ओढा, ही टेस्ट पेट्रोलवरच. इंजिन सुधारलं तर मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवा घुसतीय नाहीतर स्लो जेट अर्धा चोंदलाय. अजून बिघडलं तर आधीच रिच होतं. अन् चोक ओढून ताल तोच राहिला, एक सिलिंडर झोपलेला तो झोपलेलाच, तर कंप्रेशनकडं चला. जेटचं म्हणाल तर आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतंय, आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांची पण त्याला मदत, पण जुन्या कार्बोरेटरसाठी ते मिक्श्चर जरा पातळच पडतं आणि जुन्या टाकीतला चिकटलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. फिल्टर काचेसारखा स्वच्छ दिसत नसंल तर बदला, स्वस्त आहे.

कंप्रेशन. गॅरेजमधनं गेज मागा, नाहीतर जिथं गेज आहे तिथंच जा, अंगठ्यानं दाबून सांगणाऱ्या मिस्त्रीचा अंगठा कितीही अनुभवी असला तरी आकडा सांगत नाही. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची बारीक वायर काढलेली, गाडी पेट्रोलवर असो नसो गॅसचा नळ बंद, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, आणि पाच-सहा झटके सेल्फ मारायचा. ॲक्सिलेटर न दाबता काढलेला आकडा खोटा असतो. तिघांमध्ये एक किलोपेक्षा (गेजवरचा दाबाचा आकडा) जास्त फरक नको. समजा 12, 12 आणि 8 आला तर त्या आठवाल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत बघा. आकडा चांगला चढला तर रिंग. चढला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट. तिन्ही सारखेच कमी तर टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते आधी बघा, लगेच बोअरिंगच्या, म्हणजे सिलिंडर घासून मोठा करायच्या गोष्टी नकोत.

आणि इथं तुमच्या गाडीबद्दल माझा संशय सांगतो. गॅसवर वर्षानुवर्षं चाललेली गाडी, स्लोवर एका सिलिंडरची मिसिंग, थंडीत जास्त. माझ्या मते एक्झॉस्टचा टॅपेट टाइट झालाय, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर ह्यांच्यामधली फट संपलीय. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलमुळं व्हॉल्व्ह आणि सीटला जो थोडाफार आधार मिळतो तो मिळत नाही, व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये बसत जातो, वर सरकतो, आणि टॅपेटचा गॅप कमी कमी होत संपतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. लोकांना वाटतं टॅपेट बिघडला की टकटक आवाज येणार, तर आवाज गॅप जास्त झाल्यावर येतो, गॅप संपल्यावर इंजिन उलट एकदम शांत होतं. शांत टॅपेट हा जास्त वाईट. अन् दुसरं, सगळे म्हणतात इंजिन गरम झालं की गॅप कमी होतो. ह्या इंजिनात उलटं आहे, हेड ॲल्युमिनियमचं, ते जास्त फुगतं, म्हणून गॅप थंडमध्ये साधारण 0.15 आणि गरममध्ये 0.25 मिमीच्या आसपास असतो. म्हणून सकाळी तुमची गाडी जास्त नाचते, गरम झाल्यावर तेवढाच गॅप उघडून थोडा आराम पडतो. थंडीत हवेचा लीक पण वाढतो म्हणून फक्त एवढ्यावरनं पैज नाही लावत, पण पहिला पाना मी तिथंच लावला असता.

काम अवघड नाही. रात्रभर थंड झालेलं इंजिन, टॅपेट कव्हर काढा, प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढं ढकलली की इंजिन फिरतं. ज्या सिलिंडरचा पिस्टन वर आलाय आणि दोन्ही रॉकर, एक्झॉस्ट टाइट असंल तर निदान इनटेकचा, हातानं टकटक हलतायत तिथं फीलर (गॅप मोजायचा पातळ पत्ता) घालायचा. 0.15 चा पत्ता जरा ओढ लागून सरकला पाहिजे. झोपलेल्या सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये पत्ता शिरतच नसंल तर समजा चोर घावला. सेट करा, नट आवळा, आवळल्यावर परत मोजा कारण आवळताना स्क्रू फिरतो, आणि गाडी चालू करा. मिसिंग गेली तर पंधरा दिवसांनी परत मोजा. गॅप टिकला तर बास, दर दहा हजारला बघत जा. परत टाइट झाला तर सीट झिजतच चाललीय. सेट करून पण कंप्रेशन आठच राहिलं तर व्हॉल्व्हचं तोंड जळलंय, मग हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलून लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं). पण फक्त हेड, आख्खं इंजिन नाही. आणि उतरवायच्या आधी टॅपेट मोजताना आणला तसाच, कंप्रेशनच्या पाळीला पिस्टन वर आणून, गाडी गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून प्लगच्या भोकातनं कंप्रेसरची हवा सोडा. फुस्स आवाज सायलेन्सरमधनं आला तर एक्झॉस्ट, कार्बोरेटरमधनं आला तर इनटेक, ऑइलच्या झाकणातनं आला तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. एवढं ऐकून मगच हेडला हात लावू द्या.

एक शेवटचं, जी लोकं मिसिंग जात नाही म्हणून स्लोचा स्क्रू पिळून बाराशेवर गाडी सोडतात, त्यांनी तुमच्या गाडीला तसं केलंय का बघा. केलं असंल तर आधी साडेआठशेपर्यंत खाली आणा, नाहीतर वरच्या एकाही टेस्टचं खरं उत्तर मिळणार नाही.

येत्या रविवारी सकाळी गाडी चालू करायच्या आधी टॅपेट मोजा, मग कागदाची पट्टी, वायरी आणि चोक, शेवटी गरम झाल्यावर कंप्रेशन. तिन्ही सिलिंडरचे कंप्रेशनचे आकडे, सहाही टॅपेटचे गॅप आणि पेट्रोल-गॅसवर फरक पडतो का, एवढं लिहून टाका, पुढचं मी सांगतो. कार्बोरेटर तोपर्यंत दुकानातच राहू द्या.